एग बेटाची वीज आणि तिच्या आधीची जमीन : एक प्रकरण अभ्यास

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एग बेटावर कोणत्याही घराला एका वेळी 5 किलोवॅटपेक्षा जास्त वीज ओढता येत नाही. दुकान, उपाहारगृह अशा व्यवसायांसाठी ही मर्यादा 10 किलोवॅट आहे. मर्यादा ओलांडली की त्या घरापुरता पुरवठा आपोआप तुटतो, आणि तो पुन्हा सुरू करून घ्यायचा तर बेटावरच राहणाऱ्या देखभाल पथकातील कोणाला तरी बोलवावे लागते आणि त्याचे शुल्क भरावे लागते. हा नियम कोणत्याही वीज मंडळाने घातलेला नाही. ज्यांच्या घरांना तो लागू होतो त्यांनीच चर्चा करून तो स्वतःवर घालून घेतला, आणि 2008 पासून ते तो पाळत आले आहेत.

लहान बेटांवरील लोकसहभागाच्या प्रकल्पांविषयी लिहिताना एगचे नाव हमखास येते, आणि बहुतेक वेळा पवनचक्क्या व सौर पट्ट्यांचे कौतुक करून विषय संपतो. यंत्रे विकत मिळतात. मर्यादा मान्य करण्याची तयारी मात्र विकत मिळत नाही. ती तयारी एगमध्ये कोठून आली, याचा शोध घेत गेले की आपण विजेपाशी न थांबता जमिनीच्या मालकीपर्यंत जाऊन पोहोचतो. म्हणून या प्रकरणाची मांडणी मी त्या टोकाकडून करतो आहे.

बेट आणि त्याचे मालक

एग हे हेब्रिडीज द्वीपसमूहातील ‘स्मॉल आइल्स’ या चार बेटांपैकी एक. रम, मक आणि कॅना ही उरलेली तीन. लांबी सुमारे 9 किलोमीटर, रुंदी सुमारे 5 किलोमीटर. दक्षिणेला अन स्गूर हा 393 मीटर उंचीचा काळा कडा उभा आहे, त्याच्या पायथ्याजवळ गाल्मिसडेलचा धक्का, आणि दुसऱ्या टोकाला क्लीडेल ही छोट्या शेतकऱ्यांची वस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे पाचशेच्या वर माणसे राहत होती. 1853 मध्ये कड्याखालच्या ग्रूलिन या गावातील 14 कुटुंबांना मेंढ्यांच्या कुरणासाठी उठवण्यात आले. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात अशी असंख्य गावे त्या काळात रिकामी झाली. ग्रूलिनच्या घरांचे दगडी जोते आजही गवतात दिसतात.

मराठी वाचकाला तेथील ‘लेअर्ड’, म्हणजे बडा जमीनमालक, समजून घेण्यासाठी कोकणातला खोत आठवणे सोयीचे आहे. दोन्ही पद्धतींचे कायदेशीर स्वरूप वेगळे होते, खोत मुळात महसूल गोळा करणारा होता. पण राबणाऱ्याचे घर, त्याचे शेत आणि त्याचे उद्याचे पोट एकाच माणसाच्या मर्जीवर टांगलेले असणे, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच. आपल्याकडे खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा चरीचा संप झाला, 1949 मध्ये खोती रद्द करणारा कायदा आला. स्कॉटलंडमध्ये सरंजामी भूधारणा कायद्याने पूर्णपणे संपुष्टात यायला नोव्हेंबर 2004 उजाडला. म्हणजे एगच्या रहिवाशांनी 1990 च्या दशकात लढा दिला तेव्हा समुदायाला जमीन विकत घेण्याचा हक्क देणारा कोणताही कायदा त्यांच्या पाठीशी नव्हता.

विसाव्या शतकात बेट अनेकदा विकले गेले. 1920 च्या दशकापासून 1966 पर्यंत ते रन्सिमन कुटुंबाकडे होते आणि तो काळ जुन्या माणसांच्या आठवणीत बरा म्हणून राहिला. त्यानंतर मालक बदलत गेले. 1975 मध्ये कीथ शेलेनबर्ग या उद्योजकाने बेट घेतले. सुरुवातीस पर्यटनाच्या काही कल्पना राबवल्या गेल्या, पण पुढे मालक आणि रहिवासी यांच्यातील संबंध इतके बिघडले की 1994 च्या जानेवारीत शेलेनबर्ग यांची जुनी रोल्स रॉइस मोटार धक्क्यावरच्या शेडमध्ये जळून खाक झाली. आग कोणी लावली हे कधीच सिद्ध झाले नाही. 1995 मध्ये बेट मारुमा या नावाने वावरणाऱ्या एका जर्मन चित्रकाराकडे गेले. त्याने मोठे संकल्प जाहीर केले, बेटावर मात्र तो फारच थोडे दिवस राहिला, आणि वर्षभरात बेट पुन्हा बाजारात आले.

या सर्व काळातील खरी अडचण मालकाच्या स्वभावाची नव्हती, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. चांगला मालक मिळाला असता तरी ती शिल्लक राहिलीच असती. अनेक कुटुंबांकडे घराचा किंवा शेताचा पक्का भाडेकरार नव्हता. करार नाही म्हणून सरकारी दुरुस्ती अनुदान मिळत नव्हते. अनुदान नाही म्हणून छपरे गळत होती. आणि स्वतःच्या पैशाने दुरुस्ती करावी तर उद्या घर सोडावे लागले की तो पैसा मालकाच्या खिशात. जो माणूस पुढच्या वर्षी येथे असेल की नाही हे सांगू शकत नाही, तो झाड लावत नाही, गोठा बांधत नाही आणि विजेच्या तारांसाठी तर खंदक मुळीच खणत नाही. 1997 च्या सुमारास बेटाची लोकसंख्या साठ-पासष्टवर आली होती.

1997 चा व्यवहार

बेट लोकांच्या वतीने विकत घ्यावे ही कल्पना प्रथम 1991 मध्ये बेटाबाहेरच्या काही जमीनसुधारणावाद्यांनी ‘आइल ऑफ एग ट्रस्ट’ स्थापन करून मांडली. समाजशास्त्रीय व आध्यात्मिक विषयांवर लिहिणारे अ‍ॅलिस्टर मॅकिंटॉश हे त्यांपैकी एक. पाहुण्यांनी आणलेली कल्पना रहिवाशांनी लगेच उचलून धरली असे झाले नाही. मालकाच्याच घरात राहून मालकाविरुद्ध सही करणे ही साधी गोष्ट नव्हती. हळूहळू सूत्रे रहिवाशांकडे आली आणि ‘आइल ऑफ एग हेरिटेज ट्रस्ट’ ही नवी संस्था उभी राहिली. तिच्या रचनेत रहिवासी संघ, हायलँड कौन्सिल ही स्थानिक शासन संस्था आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट ही निसर्गसंवर्धन संस्था असे तीन भागीदार होते. संचालक मंडळावर चार रहिवासी, दोन कौन्सिलचे, दोन वन्यजीव संस्थेचे आणि एक स्वतंत्र अध्यक्ष. कागदावर पाहिले तर रहिवाशांना निर्भेळ बहुमत नव्हते, आणि काही अभ्यासकांना ही उणीव वाटते. मला मात्र ती त्या काळची शहाणी तडजोड वाटते: साठ माणसांच्या गावाला देणगीदार, बँक आणि सरकारी कार्यालये यांच्यासमोर उभे राहायचे होते, आणि रहिवाशांचे चार प्रतिनिधी रहिवाशांनीच निवडून पाठवायचे होते.

वारसा जतनाच्या लॉटरी निधीकडून अपेक्षित असलेली मोठी मदत मिळाली नाही. मग जाहीर आवाहन करण्यात आले. हजारो सामान्य माणसांनी लहान लहान रकमा पाठवल्या, ठिकठिकाणी जलसे झाले, आणि ओळख न सांगितलेल्या एका महिलेने किमतीचा सिंहाचा वाटा उचलला. व्यवहार सुमारे 15 लाख पौंडांना ठरला. 4 एप्रिल 1997 रोजी खरेदी झाल्याची बातमी आली आणि 12 जून 1997 रोजी बेटाचा ताबा समारंभपूर्वक ट्रस्टकडे आला. त्या समारंभाला आलेले मंत्री ब्रायन विल्सन यांनी तेथेच, समुदायांना जमीन खरेदीसाठी साहाय्य करणारा स्वतंत्र सरकारी विभाग सुरू करण्याची घोषणा केली. पुढे 2003 च्या भूमिसुधारणा कायद्याने ग्रामीण समुदायांना, जमीन विक्रीला निघाल्यास ती घेण्याचा पहिला हक्क दिला. 1993 मध्ये असिंट येथील छोट्या शेतकऱ्यांनी, 1997 मध्ये एगने आणि 2002 मध्ये गिगा बेटाने जे करून दाखवले, त्यामागोमाग कायदा आला. आधी लोक, मग कायदा, हा क्रम येथे फार महत्त्वाचा आहे.

ताबा आल्यावरची पहिली कामे दिसायला किरकोळ होती: लोकांना दीर्घ मुदतीचे भाडेकरार देणे आणि घरांची छपरे दुरुस्त करणे. 1998 मध्ये धक्क्याजवळ ‘अन लाव्हरिग’ ही इमारत उभी राहिली. दुकान, टपाल, चहाघर आणि प्रवाशांसाठी स्वच्छतागृहे एकाच छपराखाली आली. ट्रस्टने बांधकामासाठी स्वतःची कंपनी काढली, त्यामुळे दुरुस्तीची मजुरी बेटावरच राहिली आणि तरुणांच्या हाती कसब आले. 2004 मध्ये नवा धक्का झाला. तोपर्यंत मुख्य भूमीवरच्या मॅलेगहून येणारी बोट समुद्रात उभी राहायची आणि माणसे, गुरे, पिठाची पोती, डिझेलची पिंपे सारे लहान होडीत उतरवून किनाऱ्याला आणावे लागे. कोकणात आगबोटीच्या काळात पडावातून उतरलेल्या पिढीला हे वेगळे समजावून सांगायला नको.

वीज

एगला मुख्य भूमीवरून वीज कधीच आली नव्हती. समुद्राखालून केबल टाकण्याचा खर्च 40 ते 50 लाख पौंडांच्या घरात जाईल असा अंदाज होता, आणि साठ-सत्तर ग्राहकांसाठी तो कोणीही केला नसता. त्यामुळे बहुतेक घरांमागे स्वतःचे डिझेल जनित्र होते, काही घरांना ओढ्यावरचे छोटे जलविद्युत यंत्र होते. जनित्र म्हणजे सततची घरघर, धूर, बोटीने आणलेले महाग इंधन आणि दिवसातले मोजके तास. जनित्र बंद केले की शीतपेटीही बंद. रात्री आजारी मुलासाठी दिवा लावायचा तरी पावसात बाहेर जाऊन यंत्र सुरू करावे लागे.

1 फेब्रुवारी 2008 रोजी सुरू झालेली ‘एग इलेक्ट्रिक’ ही ट्रस्टच्या मालकीची कंपनी. तिचे संपूर्ण जाळे सुमारे 16 लाख पौंडांत उभे राहिले. मोठा हिस्सा युरोपीय प्रादेशिक विकास निधीतून आला, उरलेला लॉटरी निधी, सरकारी साहाय्य आणि जोडणीसाठी रहिवाशांनी भरलेले पैसे यांतून. लाइग येथे सुमारे 100 किलोवॅटचे जलविद्युत केंद्र हा या व्यवस्थेचा कणा. त्याखेरीज दोन लहान जलविद्युत यंत्रे, कड्याखाली ग्रूलिनजवळ प्रत्येकी 6 किलोवॅटच्या चार पवनचक्क्या, आणि सुरुवातीस 10 किलोवॅटच्या सौर पट्ट्या, ज्या नंतर सुमारे 50 किलोवॅटपर्यंत वाढवल्या गेल्या. जमिनीखालून सुमारे 11 किलोमीटर केबल टाकली गेली. सर्वांत शेवटी, गरज पडलीच तर, दोन डिझेल जनित्रे. ज्या ग्रूलिनमधून एकेकाळी चौदा कुटुंबे हाकलली गेली, तिच्याच परिसरात आज गावाच्या पवनचक्क्या फिरतात. यावर अधिक काही लिहावेसे वाटत नाही.

या तिन्ही स्रोतांची सांगड ऋतूंशी घातलेली आहे. हिवाळ्यात पाऊस आणि वारा भरपूर, ऊन नावालाच. उन्हाळ्यात ओढे आटतात, वारा पडतो, पण दिवस लांबलचक असतात. मधली तफावत भरून काढण्यासाठी 96 बॅटऱ्यांचा संच आहे. बॅटऱ्या पूर्ण भरल्या आणि वीज तरीही येतच राहिली, की संच जाळ्यातील विजेची वारंवारता किंचित वाढवतो, आणि तो बदल ओळखून सार्वजनिक इमारतींमधील उष्णक आपोआप सुरू होतात. वादळी रात्री कोणाच्याच घरात न मावणारी वीज अशा रीतीने सभागृह आणि चर्च उबदार करते, तेही विनामूल्य. ओलसर हवेत पडून राहिलेल्या दगडी इमारती त्यामुळे कोरड्या राहतात. जास्तीची वीज खासगी घरांना स्वस्तात देण्याऐवजी सर्वांच्या जागेला देण्याचा हा निर्णय तांत्रिक वाटतो, पण त्यामागे गावाची निवड आहे.

पाच किलोवॅट म्हणजे नेमके काय

चहाची विजेवरची किटली साधारण 2 ते 3 किलोवॅट ओढते. कपडे धुण्याचे यंत्र पाणी तापवताना सुमारे 2 किलोवॅट घेते. दोन्ही एकदम चालू शकतात. त्याच वेळी कोणी विजेची शेगडी लावली की घर अंधारात. म्हणून एगच्या घरांत लोकांना प्रत्येक उपकरणाचा भार तोंडपाठ होतो आणि घरात वापर दाखवणाऱ्या छोट्या पडद्याकडे पाहण्याची सवय लागते. कपडे कधी धुवायचे, पाव कधी भाजायचा याचा विचार वाऱ्याकडे पाहून होतो.

या मर्यादेचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. प्रत्येक घराला हवी तेवढी वीज द्यायची ठरवली असती, तर सर्वांनी एकाच वेळी वापर केल्याच्या क्षणासाठी यंत्रणा उभारावी लागली असती; ती कितीतरी मोठी आणि महाग झाली असती आणि वर्षातला बहुतेक काळ रिकामी बसली असती. मर्यादेमुळे यंत्रणा लहान राहिली, आणि लहान राहिली म्हणूनच ती परवडली. मर्यादा सर्वांना सारखी आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला जास्त भार विकत घेता येत असता, तर नियमामागचा विश्वास वर्षभरही टिकला नसता.

2010 च्या उन्हाळ्यात या व्यवस्थेची पहिली कठीण परीक्षा झाली. पाऊस कमी पडला, लाइगचा ओढा आटला, आणि कंपनीने लोकांना वापर कमी ठेवण्याचे आवाहन केले. लोकांनी ते ऐकले. डिझेल जनित्रे मदतीला आलीच, पण एकूण वर्षांचा विचार केला तर सुमारे 90 टक्के वीज पाणी, वारा आणि सूर्य यांपासूनच मिळत आली आहे. त्याच वर्षी बेटाला ब्रिटनमधील ‘बिग ग्रीन चॅलेंज’ स्पर्धेत 3 लाख पौंडांचे पारितोषिक मिळाले आणि अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला. सन्मान मोठे आहेत, तरी पुरस्कारांपेक्षा मला त्या कोरड्या आठवड्यांचे मोल अधिक वाटते.

देखभालीसाठी बेटावरच्याच काही जणांना प्रशिक्षण देण्यात आले. पवनचक्कीवर चढणारा, गाळणीतली पाने काढणारा आणि तुटलेला पुरवठा जोडून देणारा माणूस तुमचा शेजारी असतो. तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्नच उद्भवत नाही, आणि कामात हयगय झाली तर दुसऱ्या दिवशी धक्क्यावर त्याला लोकांच्या तोंडाकडे पाहावे लागते.

आपल्या घारापुरीचे उदाहरण येथे शेजारी ठेवण्याजोगे आहे. मुंबईच्या दारातल्या या बेटावर फेब्रुवारी 2018 मध्ये सुमारे साडेसात किलोमीटरच्या समुद्राखालील केबलने वीज पोहोचली. तोवर संध्याकाळचे काही तास जनित्रावर निघत. घारापुरीसाठी केबलच योग्य होती, कारण किनारा जवळ होता, लोकवस्ती मोठी होती आणि सात दशके वाट पाहिलेल्या माणसांकडून प्रयोगाची अपेक्षा करणे अन्यायाचे झाले असते. परंतु वीज कशी आणायची, किती आणायची, कोणाच्या ताब्यात ठेवायची, हे प्रश्न राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या गावांच्या हाती कधीच नव्हते. एगमध्ये ते होते, आणि केवळ जमीन ट्रस्टची होती म्हणून होते. खासगी मालकाच्या जमिनीतून 11 किलोमीटर केबल खणायला भाडेकरूंना कोणी परवानगी दिली असती, आणि दिली असती तरी उद्याच्या नव्या मालकाने ती मानली असती का?

अडलेल्या गोष्टी

एगचे चित्र केवळ उजळ रंगांत रंगवणे रहिवाशांवरही अन्याय करणारे होईल. सर्वांत मोठा भार सभांचा आहे. शंभरच्या आसपास माणसे असलेल्या गावात ट्रस्ट, रहिवासी संघ, वीज कंपनी, बांधकाम, शाळा, वनीकरण या सर्वांच्या समित्यांवर फिरून फिरून तीच माणसे बसतात, बहुधा विनावेतन, आणि शेती किंवा होडीचे काम आटोपून. ज्याच्याशी सभेत कडाक्याचे भांडण झाले त्याच्याच शेजारी दुसऱ्या दिवशी बोटीत बसायचे असते. लोकसहभागाच्या अहवालांत या थकव्याला फारशी जागा मिळत नाही. प्रत्यक्षात प्रकल्प अडतात ते बहुधा येथेच.

दुसरे, सार्वजनिक पैसा. युरोपीय आणि लॉटरी निधी नसता तर वीजजाळे उभे राहिले नसते, हे टीकाकारांचे म्हणणे खरे आहे. मात्र मुख्य भूमीवरच्या गावांपर्यंत गेलेल्या तारा आणि रस्तेही सार्वजनिक पैशातूनच गेले आहेत, याची आठवण तेथे कोणी करून देत नाही. गिगा बेटाची वाट येथे वेगळी होती. ते मुख्य जाळ्याला जोडलेले असल्यामुळे तेथील लोकांनी उभारलेल्या तीन पवनचक्क्या वीज विकून गावाला उत्पन्न देऊ लागल्या; गेलिक भाषेत त्यांना श्रद्धा, आशा आणि दया अशी नावे आहेत. पुढे घरांच्या मोठ्या प्रमाणावरील दुरुस्तीमुळे गिगावर कर्जाचा बोजाही चढला. एगकडे विकायला बाजार नव्हता, म्हणून उत्पन्न नाही. पण तेथील कामे हळूहळू, झेपेल तेवढीच झाली, आणि हा संथपणा मला बेटाच्या पथ्यावर पडलेला दिसतो.

आता प्रश्न यशातूनच निर्माण झाला आहे. गेल्या पंचवीस वर्षांत बेटाची लोकसंख्या जवळपास दीडपट झाली, बाहेर शिकायला गेलेली काही मुले परतली, त्यांना घरे हवी आहेत. प्रत्येक नवे घर म्हणजे जाळ्यावर आणखी 5 किलोवॅटचा संभाव्य भार. शिवाय घरे गरम ठेवण्यासाठी अजूनही मुख्यतः लाकूड, कोळसा आणि वायू वापरला जातो. ती गरज विजेवर आणायची तर आजची यंत्रणा अपुरी पडेल. मर्यादा वाढवायची, की ओढ्यावर आणि उन्हावर आणखी यंत्रे लावायची, की घरांच्या भिंतींना आधी उष्णतारोधक अस्तर द्यायचे, याचा निर्णय रहिवाशांनाच करायचा आहे. तोपर्यंत नव्या घरातही 5 किलोवॅटचाच खटका बसतो, आणि किटली लावण्याआधी धुण्याचे यंत्र कोणत्या टप्प्यात आहे ते पाहिले जाते.